फळांना पाणी सुटू न देता: शेंगाचटणी घातलेली आंबट-गोड-तिखट फळं

कापलेल्या फळावर मीठ भुरभुरलं की दहा मिनिटांत ताटलीत पाणी दिसायला लागतं. वीस मिनिटांनी पेरू मऊ पडतो, अननसाच्या फोडी स्वतःच्याच रसात बसतात आणि वरचं तिखट विरघळून खाली उतरतं. आपण म्हणतो, मसाला कमी पडला. मग वरून आणखी मीठ, आणखी चाट मसाला घालतो आणि आणखी पाणी सुटतं.

हे मला भिशीच्या दिवशी नीट कळलं. एप्रिल महिना, चौदा-पंधरा बायका यायच्या होत्या, म्हणून दुपारी दोनलाच पातेलंभर फळं कापून, मसाला लावून झाकून ठेवली. चार वाजता झाकण काढलं तर अर्धं पातेलं पाणी. वर घातलेली शेंगाचटणी ओली होऊन तिचा लगदा झालेला. चव वाईट नव्हती, पण फळ चावल्यावर जो कुरकुरीतपणा हवा तो अजिबात नव्हता. तेव्हापासून मी मसाल्याचं प्रमाण फारसं बदललं नाही, कामाचा क्रम मात्र सगळा बदलला. हा लेख मुख्यतः त्या क्रमाबद्दल आहे.

सोलापुरात फळाला तिखट-मीठ लावणं काही नवं नाही. शाळेबाहेरच्या हातगाडीवर चिरलेला पेरू आणि कैरीच्या फाका आपण सगळ्यांनी खाल्ल्यात. शहराच्या पूर्व भागात आमच्या शेजारी तेलुगू बोलणारं पद्मशाली कुटुंब राहायचं. तिथल्या आक्का कैरीच्या फोडी परातीत घेऊन बसायच्या आणि आम्हाला हाक मारायच्या, ‘उप्पू-कारम लावलंय, या.’ उप्पू म्हणजे मीठ, कारम म्हणजे तिखट. मीठ हा शब्द तेलुगूत आणि कन्नडमध्ये जवळजवळ एकच, त्यामुळे गल्लीतल्या कुठल्याही घरात तो चालायचा. मी त्यात भर घातली ती दोन गोष्टींची: चिंच-गुळाचा घट्ट पाक आणि आपली शेंगाचटणी.

चौघांसाठी एवढं घ्या:

पेरू 2 मध्यम (साधारण 300 ग्रॅम)
अननस अर्धा (सोलून 300 ग्रॅम फोडी)
तोतापुरी कैरी 1 लहान (150 ग्रॅम)
अर्धपिकी पपई 200 ग्रॅम
डाळिंबाचे दाणे अर्धी वाटी
चिंच 30 ग्रॅम, गूळ 60 ग्रॅम
शेंगदाणे 1 वाटी (150 ग्रॅम)
ब्याडगीचं तिखट, लवंगी मिरचीचं तिखट, जिरे, लसूण, सुंठ
साधं मीठ, पादेलोण, 1 लिंबू, मूठभर पुदिना

फळं निवडताना

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या, कारण चुकीच्या फळाला कुठलाही मसाला वाचवत नाही. या पदार्थाला पूर्ण पिकलेलं फळ चालत नाही. पिकलं की त्याच्या पेशी सैल पडतात आणि मीठ लागायच्या आधीच रस गळायला लागतो.

पेरू हिरव्याचा पिवळट होऊ लागलेला हवा. अंगठ्यानं दाबला तर किंचित दबावा, पण खड्डा पडू नये. वास यायला हवा, मात्र पिशवीतून खोलीभर दरवळत असेल तर तो पेरू नुसता खा, इथे नको. मोठा, गुळगुळीत, दिसायला देखणा पेरू बऱ्याचदा पाणचट निघतो. मंडईत मला लहान, थोडा खडबडीत सालीचा पेरू दिसला तर मी तोच उचलते.

अननसाचं एक लक्षात ठेवावं: तोडल्यावर तो आणखी गोड होत नाही. केळं, आंबा, पपई घरी ठेवून पिकतात. अननस घरी ठेवला तर फक्त मऊ होतो आणि शेवटी आंबतो. म्हणून दुकानातच बुडाचा वास घ्यायचा. गोड वास आला आणि बुडाकडून वर पिवळेपणा चढलेला असला तर घ्या. आंबूस, दारूसारखा वास आला तर ठेवून द्या. आपल्याकडे तो केरळ-कर्नाटकातून प्रवास करून येतो, त्यामुळे एका अंगाला दबलेलं फळ बरंच असतं. हातात घेऊन सगळीकडून फिरवून बघा.

कैरी तोतापुरीच. तिचा गर जाड, आंबटपणा बेताचा आणि साल खाता येण्यासारखी. रायवळ कैरी मिळाली तर निम्मीच घ्या, ती फार आंबट असते. पाडाला आलेली कैरी, म्हणजे आतून जेमतेम पिवळी झालेली, मिळाली तर नशीब समजा. आंबट आणि गोड दोन्ही तिच्यातच असतं.

पपई बाहेरून चौथा भाग पिवळी, आतून फिकट केशरी आणि सुरी लावल्यावर घट्ट लागणारी. वरून एकसारखी पिवळीजर्द, पण आतून कच्ची आणि बेचव अशी पपई मी घेत नाही. कार्बाइडनं फळ पिकवायला कायद्यानं बंदी आहे, तरी शंका आली की दुसरा गाळा गाठावा.

डाळिंब मात्र आपलंच. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही 2005 पासून इथेच आहे. भगवा जातीचं घ्या: दाणा मऊ, रंग गडद आणि बी दाताखाली फारशी येत नाही. डाळिंबाचे दाणे या पदार्थात फार उपयोगी, कारण प्रत्येक दाणा स्वतःच्या सालीत बंद असतो. मीठ लागलं तरी त्याला लगेच पाणी सुटत नाही.

केळं, चिकू आणि कलिंगड यात घालू नका. केळं आणि चिकू चिकट होतात, कलिंगड तर सगळं पाणीच आहे.

पहिलं काम: शेंगाचटणी

चटणी आदल्या दिवशी केली तरी चालते. शेंगदाणे मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं भाजा. घाई केली तर साल काळी पडते आणि आतला दाणा कच्चा राहतो. एक दाणा गार करून चावून बघा, आतून फिकट बदामी आणि खमंग लागला पाहिजे. गार झाल्यावर हातानं चोळून साल पाखडून टाका.

खलबत्त्यात आधी लसणाच्या दोन पाकळ्या, एक छोटा चमचा जिरे, पाऊण छोटा चमचा मीठ, दोन छोटे चमचे ब्याडगीचं आणि अर्धा छोटा चमचा लवंगीचं तिखट कुटून एकजीव करा. मग दाणे थोडे थोडे घालत कुटा. भाकरीसोबतच्या चटणीत आपण आठ-दहा पाकळ्या लसूण घालतो. इथे दोनच पुरे, नाहीतर अननसाबरोबर लसणाचा वास अंगावर येतो. ब्याडगी रंग देते, लवंगी झणका. नुसत्या लवंगीचं तिखट फळाची चव मारून टाकतं.

दाण्यांना तेल सुटू लागलं, चटणी बोटांत दाबल्यावर गोळा धरू लागली की थांबा. या तेलाचे दोन उपयोग आहेत. एक, तेलामुळे चटणी फळाला चिकटते, खाली गळत नाही. दुसरा, मिरचीतला तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून या चटणीचं तिखट जिभेवर हळूहळू चढतं, नुसत्या तिखटासारखं एकदम घशात बसत नाही. मिक्सर वापरणार असाल तर एकदम फिरवू नका, थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं तर दाण्याचं लोणी होतं.

फळांना यातली तीन-चार मोठे चमचे चटणी लागेल. उरलेली मालदांडी ज्वारीच्या भाकरीबरोबर संपते, त्यासाठी वेगळं सांगायला नको. शेंगदाणा चालत नसेल त्यांनी अशीच कारळाची चटणी करावी.

अननसाचं पाणी आधीच काढून घ्या

भिशीनंतर बदललेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. मीठ लागलं की पाणी सुटणारच असेल, तर ते ताटलीत सुटण्याऐवजी आधी आपणच काढावं.

अननस धुऊन शेंडा आणि बूड कापा, उभा ठेवून साल उतरवा. काळे डोळे तिरक्या ओळींत असतात. त्या ओळीच्या दोन्ही बाजूंनी तिरपी सुरी घालून लांब खाचा काढल्या की डोळे निघतात आणि गर कमी वाया जातो. मधला कडक दांडा टाकू नका, त्याच्या पातळ चकत्या करा. रस कमी आणि कुरकुरीतपणा जास्त, म्हणजे आपल्याला हवा तोच भाग.

फोडी बोटाच्या पेराएवढ्या करा. त्यांना अर्धा छोटा चमचा मीठ चोळून रोळीत घाला, खाली वाटी ठेवा आणि वीस मिनिटं विसरून जा. वाटीत तीन-चार मोठे चमचे रस जमेल. तो फेकू नका, पाकात जाणार आहे. अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते ती त्यातल्या ब्रोमेलेन या पाचकद्रव्यामुळे. त्यातलं थोडं रसाबरोबर निघून येतं आणि पाक उकळला की त्याचा जोर संपतो.

चिंच-गुळाचा पाक

अननस निथळतोय तोवर चिंच अर्धी वाटी गरम पाण्यात भिजवा. पंधरा-वीस मिनिटांनी कोळून गाळून घ्या. आता पेरू चार भागांत चिरून मधला बियांचा गर चमच्यानं काढा. हा गर चाळणीवर घासा, बिया वर राहतील, खाली दाटसर लगदा येईल. पेरूच्या गरात पेक्टिन भरपूर असतं. त्याच्यामुळेच पेरूची जेली जमते. आंबट आणि गोड यांच्यासोबत उकळलं की ते पाकाला दाटपणा देतं, म्हणून कॉर्नफ्लोअर वगैरे काही लागत नाही.

स्टीलच्या पातेल्यात चिंचेचा कोळ, किसलेला गूळ, पेरूचा लगदा आणि अननसाचा खारट रस एकत्र करून मध्यम आचेवर ठेवा. ॲल्युमिनियमचं किंवा बिनकल्हईचं पितळेचं भांडं नको, चिंच त्याला खाते. सहा-आठ मिनिटं ढवळत राहा. फेस बसला आणि चमच्याच्या पाठीवर थर धरला, त्यातून बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहिली की गॅस बंद करा. एकतारी करायचा नाही, गार झाल्यावर तो आपोआप मधाएवढा घट्ट होतो. खाली उतरवून अर्धा छोटा चमचा तिखट, अर्धा छोटा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर सुंठ आणि पाव छोटा चमचा पादेलोण घाला. साधं मीठ घालू नका, ते अननसाच्या रसातून आलेलंच आहे.

पाक पूर्ण गार होऊ द्या. कोमट पाक फळावर गेला तर सगळी मेहनत पाण्यात.

चव घेताना पाक नुसता चाटून ठरवू नका. कैरीच्या एका फोडीवर आणि पपईच्या एका फोडीवर थेंब टाकून दोन्ही खा. कैरीबरोबर छान आणि पपईबरोबर फिका लागत असेल तर पाक बरोबर आहे, कारण पपईला लिंबू वेगळं मिळणार आहे. दोन्हींबरोबर जास्त आंबट वाटला तर आणखी एक चमचा गूळ घालून पुन्हा मिनिटभर गरम करा. गुळाचं प्रमाण माझं जरा चढं आहे, हे मान्य. पण लवंगीच्या तिखटाला गोडाचाच लगाम लागतो.

बाकीची फळं

ही वाढायच्या अर्धा तास आधीच कापा. पेरूच्या बिया काढल्याच आहेत, उरलेल्या भागाचे बोटभर लांब तुकडे करा. कैरीच्या सालीसकट पातळ फाका, दोन मिलिमीटरच्या आसपास. जाड कापली तर प्रत्येक घासात तोंड वाकडं होतं. पपई सोलून चौकोनी तुकडे आणि तिच्यावर लगेच अर्ध्या लिंबाचा रस. त्यानं पपईचा उग्रसा वास जातो. पेरूलाही उरलेल्या अर्ध्या लिंबाचं बोट लावा, काळा पडत नाही.

फळं कापण्याआधी धुवायची, कापल्यावर नाही. कापल्यावर धुतलेलं फळ पाणी धरून ठेवतं आणि नंतर सोडतं. कापून झाली की स्वच्छ कोरड्या फडक्यावर पसरा, दोन मिनिटं टिपा. ही पायरी मी पूर्वी गाळायची, आता गाळत नाही.

झाकून फ्रिजमध्ये ठेवा, पण वाढायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढा. फार गार फळाची गोडी जिभेला कमी कळते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, अशा दिवसांत कापलेलं फळ तासाभराहून जास्त बाहेर राहू देऊ नका. बर्फ वर टाकून गार ठेवण्याचा प्रकारही नको. बर्फ वितळून पाणीच वाढतं आणि विकतचा बर्फ कुठल्या पाण्याचा, हे आपल्याला माहीत नसतं.

आता एकत्र करा, ताट मांडल्यावरच

पाहुणे बसले, ताटल्या हातात आल्या, की मगच. पसरट परात घ्या, खोल पातेलं नको. खोल भांड्यात खालची फळं चेपतात. अननस, पेरू, कैरी, पपई पसरा. पाकाचे चार मोठे चमचे वरून फिरवा आणि हातानं, खालून वर उचलत, हलकेच मिसळा. फळावर पातळ झिलई आली पाहिजे, खाली डबकं साचता कामा नये. कमी वाटला तर आणखी एक चमचा घाला. उरलेला पाक फ्रिजमध्ये आठवडाभर चांगला राहतो.

मग चटणी. दोन चमचे मिसळताना, उरलेली वरून. त्यानंतर डाळिंब आणि हातानं तोडलेला पुदिना. सगळ्यात शेवटी, प्रत्येकाच्या ताटलीत, चिमटीभर साधं मीठ. मीठ परातीत नाही, ताटलीत.

आणि लगेच खा. दहा मिनिटांत संपवा.

तिखट जास्त झालं तर पाणी पिऊन उपयोग नाही. पाकाचा एखादा चमचा किंवा पपईच्या चार फोडी वाढवा. फिकं लागलं तर आधी लिंबू पिळा, मीठ नंतर. बऱ्याचदा आंबट कमी असतं आणि आपण मिठाला दोष देतो. मधुमेह असलेल्यांसाठी मी पाक न घालता पेरू-कैरी-डाळिंब वेगळं काढते, वर चटणी आणि लिंबू. ती ताटली कमी चविष्ट नसते, माझे सासरे तर तीच मागतात.

ऋतू बदलला तर

वर दिलेलं प्रमाण मार्च-एप्रिलचं आहे. पावसाळ्यात कैरी नसते, पण आंबे बहराचं डाळिंब जुलै-ऑगस्टमध्ये येतं. तेव्हा अननस आणि डाळिंब दुप्पट करा, कैरीऐवजी चिंच दहा ग्रॅम वाढवा.

एक गोष्ट मला हा पदार्थ करताना दर वेळी आठवते. पेरू, अननस, पपई, मिरची आणि शेंगदाणा, यातलं काहीही मूळचं आपलं नाही. ही सगळी अमेरिका खंडातून, पोर्तुगीज आल्यानंतरच्या काळात समुद्रामार्गे आलेली. परातीत पसरलेल्या फळांत खरी इथली म्हणावी अशी कैरीच. तरी सोलापुरी माणसाला शेंगाचटणी परकी आहे असं सांगून बघा.

संक्रांतीला मात्र मी बोरांचं करते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदानावरून येताना बोरं घेतली जातातच. मोठी कुरकुरीत बोरं आणि लहान गावरान आंबटगोड बोरं निम्मी निम्मी घ्या. मोठ्यांच्या फाका करून बी काढा. लहान बोरं आख्खीच, खलबत्त्यात बत्त्याचा एकच हलका दणका देऊन साल फोडा, म्हणजे पाक आत शिरतो. सोबत पेरू आणि उसाचे बारीक करवे. बोराचा गर कोरडा, त्यामुळे इथे पाणी सुटायची भीती नाही आणि ही ताटली तासभरही टिकते. पाकात गूळ दहा ग्रॅम कमी करा, ऊस गोड असतो. चटणीत शेंगदाण्याच्या निम्मे भाजलेले तीळ घाला.

डब्यात द्यायचं असेल तर तीन गोष्टी वेगवेगळ्या: फळं कोरडी करून डब्यात, पाक लहान बाटलीत, चटणी कागदाच्या पुडीत. अननस त्या दिवशी घालू नका, तो दुपारपर्यंत बाकी सगळ्यांना भिजवतो. पेरू, कैरी आणि डाळिंब पुरे. मीठ चटणीत आहेच.